डोकी मोजून टोळी कळत नाही

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागायतदारापुढे माकडांचा विषय निघाला की तो आधी नुकसानीचा हिशेब सांगतो, आणि तो हिशेब खरा असतो. नारळाची कोवळी फळं पाडलेली, काजूची बोंडं अर्धवट खाऊन टाकलेली, कौलं फुटलेली, परसातली भाजी तर लावायचीच सोडलेली. या तक्रारीवर सरकारी उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. पिंजरा लावायचा, माकडं पकडायची, गाडीत घालायची आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडायची. काम किती झालं तेही त्याच मापाने मोजलं जातं: किती माकडं पकडली? माझा आक्षेप या मापालाच आहे. माकडाच्या बाबतीत उचलायची, हलवायची, आवरायची गोष्ट म्हणजे टोळी. एकेकटं माकड हा त्या टोळीतून ओढून काढलेला धागा असतो, आणि धागा ओढला की उरलेलं कापड जागच्या जागी राहत नाही. भूतदया हा स्वतंत्र विषय आहे. इथे मी पुरावा म्हणून पुढे ठेवतो ते गेल्या काही दशकांतलं मेंदूविज्ञान आणि रानातली दीर्घ निरीक्षणं. त्यांचा आधार घेतला तर बागायतदाराचं नुकसानही कमी होईल, असं मला वाटतं.

माकडाच्या मेंदूने ओळखीसाठी किती जागा राखून ठेवली आहे, इथून सुरुवात करू. चार्ल्स ग्रॉस या अमेरिकी संशोधकाला १९६०-७० च्या काळात मकाक माकडांच्या मेंदूत, कानशिलाच्या आतल्या भागात, काही विलक्षण चेतापेशी सापडल्या. समोर हात किंवा चेहरा आला तरच त्या जोराने प्रतिसाद देत. इतर कशालाही नाही. त्या काळी अनेक सहकाऱ्यांना हे पटलं नाही. पुढे २००६ मध्ये डोरिस त्साओ, विनरिख फ्रायवाल्ड आणि मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याच भागातल्या एका छोट्या ठिकाणी तपासलेल्या पेशींपैकी ९७ टक्के पेशी चेहऱ्यांनाच वाहिलेल्या असल्याचं दाखवलं. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं काम २०२१ चं आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सोफिया लांडी, फ्रायवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या भागाच्या अगदी पुढच्या टोकाशी अशा पेशी सापडल्या, ज्या सहवासातल्या माकडाच्या चेहऱ्याला अनोळखी चेहऱ्यापेक्षा सुमारे तिपटीने जास्त प्रतिसाद देत होत्या. अनोळखी चेहरा पडद्यावर कितीही वेळा दाखवला तरी त्याला हा मान मिळत नव्हता. प्रत्यक्ष एकत्र राहिल्याशिवाय ती पेशी ओळख मानत नाही. आणि ही सगळी व्यवस्था जन्मतः तयार मिळते असंही नाही. मायकेल आर्कारो आणि लिव्हिंगस्टन यांच्या गटाने २०१७ मध्ये अशी पिल्लं तपासली, ज्यांना सुरुवातीचे महिने एकही चेहरा दिसू दिला नव्हता. सांभाळणारी माणसंही मुखवटे घालून वावरत होती. त्या पिल्लांच्या मेंदूत हात ओळखणारे भाग नेहमीप्रमाणे घडले, चेहरे ओळखणारे घडलेच नाहीत. म्हणजे भोवती कोण आहे यावर पिल्लाचा मेंदू घडतो.

नुसता चेहरा ओळखून टोळीत निभाव लागत नाही. कोण कुणाचं, हेही ठाऊक असावं लागतं. केनियातल्या अँबोसेलीमध्ये डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या दांपत्याने केलेला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही त्याच्या साधेपणामुळे थक्क करतो. त्यांनी झुडपात लपवलेल्या ध्वनिवर्धकातून व्हर्वेट माकडाच्या एका पिल्लाची किंकाळी ऐकवली. पिल्लाची आई त्या दिशेने बघू लागली, हे अपेक्षितच होतं. पण जवळ बसलेल्या इतर माद्यांनी त्या आईकडे पाहिलं. किंकाळी कुणाची आणि त्या पिल्लाची आई कोण, याची नोंद त्यांच्या डोक्यात होती. आपल्याकडचा पुरावाही आहे. डोक्यावरच्या केसांची टोपी घातल्यासारखं दिसणारं, दक्षिण भारतातच सापडणारं बॉनेट माकड अनिंद्य सिन्हा यांनी बारकाईने अभ्यासलं आहे. दोन माद्या एकमेकींच्या अंगातल्या उवा निवडत बसलेल्या असताना तिसरी, वरच्या दर्जाची मादी जवळ आली, तर दोघींपैकी एक उठून जाते. कोणी उठायचं हे त्या दोघी स्वतःचा, जोडीदारणीचा आणि येणारीचा दर्जा ताडून ठरवतात. प्रत्येकीला उरलेल्या दोघींमधलं नातं ठाऊक असल्याशिवाय हे घडणार नाही. या उतरंडीचा ठसा मेंदूत थेट दिसतो. मकाकांच्या मेंदूतल्या अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागातल्या ज्या पेशी मिळणाऱ्या घोटभर रसाचं मोल नोंदवतात, त्याच पेशी समोरच्या माकडाचा टोळीतला दर्जाही नोंदवतात, असं २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल साल्झमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. खाणं आणि नातं यांचा हिशेब माकडाचा मेंदू एकाच वहीत मांडतो.

ही ओळख टिकते किती? माकडांपेक्षा आपल्याला जवळच्या असलेल्या कपिकुलात, चिंपांझी आणि बोनोबोंमध्ये, याचं उत्तर चकित करणारं आलं. २०२३ मध्ये लॉरा लुईस, ख्रिस्तोफर क्रुपेनाय आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंड, बेल्जियम आणि जपानमधल्या अशा प्राण्यांना दोन-दोन छायाचित्रं शेजारी-शेजारी दाखवली. एक पूर्वी एकत्र राहिलेल्या सोबत्याचं, दुसरं पूर्ण अनोळखी. नजर कुठे किती वेळ खिळते हे यंत्राने मोजलं. जुन्या सोबत्याकडे नजर जास्त रेंगाळली, आणि ज्याच्याशी पूर्वी सख्य होतं त्याच्याकडे आणखी जास्त. लुईस नावाच्या एका बोनोबो मादीने आपली बहीण आणि भाचा यांना सव्वीस वर्षांहून जास्त काळ पाहिलेलं नव्हतं. तिची नजर त्यांच्या छायाचित्रांकडे वळत राहिली. बोनोबोचं उदाहरण माकडाला जसंच्या तसं लावता येत नाही, हे मान्य. पण ओळख ही जागा बदलली की पुसली जाणारी गोष्ट नव्हे, एवढं तरी त्यातून मनात ठेवावं.

सोबतीने मेंदूची बांधणी बदलते का, या प्रश्नावर दोन अभ्यास एकमेकांना पूरक आहेत. ऑक्सफर्डमध्ये जेरोम सालेत, मॅथ्यू रशवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २३ मकाकांचे मेंदू चुंबकीय प्रतिमांनी तपासले. ही माकडं लहान-मोठ्या गटांत ठेवलेली होती, आणि कुणी कुठल्या गटात राहायचं हे त्यांनी स्वतः निवडलेलं नव्हतं. मोठ्या गटात राहणाऱ्यांच्या मेंदूत, इतरांचे चेहरे आणि हालचाली यांचा अर्थ लावणाऱ्या भागांत, करड्या द्रव्याचं प्रमाण जास्त भरलं. दुसरा अभ्यास कायो सांतियागो या बेटावरचा. पोर्तो रिकोच्या किनाऱ्यालगतच्या, जेमतेम पंधरा हेक्टरांच्या या बेटावर १९३८ मध्ये क्लॅरेन्स कारपेंटर यांनी भारतातून नेलेली सुमारे चारशे ऱ्हिसस माकडं सोडली. तिथे आज फिरणारी सगळी माकडं त्यांचीच संतती आहे. बाहेरून नवी भर घातलेली नाही, आणि प्रत्येकाची आई कोण, टोळी कोणती, हे पिढ्यान् पिढ्या नोंदलेलं आहे. कामिय टेस्टार आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या मोकळ्या माकडांच्या मेंदूंतही तोच धागा पकडला. ज्या माकडाला उवा निवडायला जास्त जोडीदार, त्याच्या मेंदूतले काही ठरावीक भाग मोठे. टोळीतल्या दर्जाचा मात्र या आकाराशी संबंध नव्हता. आधी मेंदू मोठा आणि म्हणून जोडीदार जास्त, असंही असू शकेल, अशी शंका इथे कुणीही घ्यावी. पण लहान पिल्लांच्या मेंदूचा आणि त्यांच्या आईच्या जोडीदारांच्या संख्येचा असा संबंध दिसला नाही. म्हणजे जन्मजात वारशापेक्षा पुढच्या जगण्यातून हे घडत असावं. ऑक्सफर्डच्या अभ्यासात तर गट माणसांनीच ठरवले होते. दोन्ही शेजारी ठेवले की कल कुठे आहे ते दिसतं.

आता पिंजऱ्याकडे येऊ. टोळीतून काही प्राणी काढून घेतले तर उरलेल्यांचं काय होतं, याची उत्तरं आपल्याकडे आहेत. जेसिका फ्लॅक, फ्रान्स द वाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या यर्किस केंद्रात पिगटेल मकाकांच्या एका मोठ्या गटावर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या गटात वरच्या दर्जाचे मोजके नर इतरांच्या भांडणात मध्ये पडून ती मिटवत. प्रत्यक्षात ते फार वेळा मध्ये पडत असंही नव्हतं, पण ते आहेत एवढ्याने बाकीच्यांचं वागणं बदललेलं असे. संशोधकांनी त्यांना अधूनमधून थोडा काळ बाजूला ठेवलं. गट तोच, खाणं तेच, जागा तीच. पण उरलेल्या माकडांचे खेळगडी कमी झाले, उवा निवडण्याचे जोडीदार कमी झाले, सगळी वीण आखडली आणि भांडणं वाढली. गावातली चार कर्ती माणसं एका रात्रीत नाहीशी व्हावीत आणि सकाळी लोकांनी शेजाऱ्याकडे जाणंही टाळावं, तसं हे झालं. वानरांबाबत याहून कठोर उदाहरण शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाडचं आहे. युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वानरांचा अभ्यास करत होते. एका टोळीतला एकमेव हुप्प्या त्यांनी मुद्दाम काढून नेला. मोकळ्या जागेवर बाहेरचा नर चालून आला, त्याने टोळी ताब्यात घेतली आणि अंगावरच्या पिल्लांना चावे घेऊन मारलं. त्यानंतर टोळी पाहून हुप्प्या पकडून नेण्याचा आदेश जिथे जिथे निघतो, तिथे हा परिणाम माहीत असूनच तो काढला जातो, असं समजायला हवं. आपल्याला त्रास देणारा एक प्राणी हटवला असं वाटतं, प्रत्यक्षात टोळीच्या सत्तेची सगळी घडी विस्कटलेली असते, आणि ती गावालगतच विस्कटलेली असते.

तुटलेल्या सोबतीची किंमत शरीरातही उतरते. बोत्स्वानातल्या ओकावांगो खोऱ्यात बबून माद्यांच्या जवळच्या नातलगाला शिकारी प्राण्याने मारलं, की त्या माद्यांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं वाढलेली आढळत. पुढच्या काळात या माद्या नव्या जोडीदारणी शोधत, पूर्वीपेक्षा जास्त जणींच्या उवा निवडत, आणि पातळी पुन्हा खाली येई. ही दुरुस्ती शक्य झाली कारण टोळी भोवती होती. यर्किसमध्येच जेनी टंग यांच्या गटाने ऱ्हिसस माद्यांच्या गटात कुणाला आधी आणि कुणाला नंतर सोडायचं हे ठरवून दर्जा बदलून पाहिला, तेव्हा रोगप्रतिकारक पेशींमधल्या जनुकांचं कामही दर्जाप्रमाणे बदललं. एकेकटी पकडलेली, एकमेकांना न ओळखणारी माकडं एका गाडीतून नेऊन एकाच ठिकाणी ओतली, तर त्यांना सगळी उतरंड पहिल्यापासून, भांडूनच, ठरवावी लागते. वनविभागाच्या नोंदीत ती ‘सुरक्षित सोडली’ असा शेरा पडलेला असतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कायो सांतियागोवरूनच येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळाने हे बेट झोडपून काढलं. बेटावरची निम्म्याहून जास्त झाडी गेली. सावली दुर्मीळ झाली आणि दुपारची जमीन भाजून निघू लागली. माकडं आणखी भांडखोर होतील, अशी अपेक्षा होती, घडलं उलट. टेस्टार आणि सहकाऱ्यांना दिसलं की माकडं एकमेकांना जास्त जवळ येऊ देऊ लागली, पूर्वी ज्यांच्या वाटेला जात नसत त्यांच्याशीही जोडीदारी करू लागली. पुढे २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं की सावलीच्या तुकड्यात इतरांना सहन करणारी माकडं जगण्याची शक्यता जास्त. मग कुणी म्हणेल, माकड तर एवढं लवचीक आहे. नव्या जंगलातही ते जुळवून घेईल. हा युक्तिवाद मला गंभीर वाटतो, पण तो पुराव्याचा अर्धाच भाग वाचतो. वादळाने माकडांची झाडं नेली, सोबती नेले नाहीत. कोण कुणाची मुलगी, कोण कुणाला घाबरतं, कोण भांडण मिटवतं, हे सगळं ज्ञान वादळाच्या दुसऱ्या दिवशी शाबूत होतं आणि त्याच्याच आधाराने त्यांनी नव्या ओळखी जोडल्या. पकडून सोडण्यात आपण नेमकं हेच ज्ञान निरुपयोगी करतो; झाडंही बदलतो आणि चेहरेही. शिवाय जगली वाचली ती माकडं धडधाकट राहिली असंही नाही. मरीना वाटोविच आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की वादळातून गेलेल्या माकडांची रोगप्रतिकारक यंत्रणा सरासरी दोन वर्षांनी जास्त म्हातारी झाल्यासारखी वागत होती. माकडाचं आयुष्य पाहता ही वर्षं थोडी नव्हेत. ओळखीची टोळी सोबत असतानाची ही किंमत आहे.

टोळी अखंड हलवली तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत आणि ती माझ्या म्हणण्याला धार देतात. केनियात गिलगिलजवळ शेती वाढली, बबून पिकात घुसू लागले आणि त्यांना मारण्याची वेळ आली, तेव्हा शर्ली स्ट्रम यांनी १९८४ मध्ये तीन टोळ्या लायकिपियाच्या पठारावर हलवल्या. या टोळ्यांतला एकेक प्राणी त्यांना वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून माहीत होता. टोळ्या टिकल्या. आपल्याकडे वृंदावनमध्ये जानेवारी १९९७ मध्ये बारा टोळ्यांतली सहाशे ऱ्हिसस माकडं आठ वेगवेगळ्या वनक्षेत्रांत नेली गेली. इक्बाल मलिक आणि सहकाऱ्यांनी सोडल्यानंतर आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा निरीक्षण केलं, तेव्हा ती तिथे रुळलेली आढळली. म्हणजे स्थलांतर मुळातच अशक्य आहे असं मी म्हणत नाही. टोळी ओळखून, टोळीच्या मापाने केलेलं स्थलांतर चालू शकतं. ते खर्चिक आहे, त्याला आधी महिनोन्महिने निरीक्षण लागतं आणि नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा. याच्या उलट दिल्ली. तिथे उच्च न्यायालयाच्या २००७ मधल्या आदेशानंतर माकडं पकडून असोला-भट्टी अभयारण्यात नेणं वर्षानुवर्षं चालू राहिलं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी राजधानीतल्या रस्त्यांवर माकडांना पळवण्यासाठी वानरांचे कटआउट उभे करावे लागले. पकडण्याचा आकडा वाढतो, माकडं असतात तिथेच असतात, कारण रिकाम्या झालेल्या जागेत अन्न तेवढंच असतं आणि शेजारची टोळी त्याची वाट पाहत असते.

कोकणासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती विसरता येणार नाही. दोडामार्ग आणि सावंतवाडी परिसराने माकडतापाचे रुग्ण पाहिले आहेत. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि वानर व बॉनेट माकड दोघंही त्याला बळी पडतात. कुठल्या टोळीतली माकडं कुठल्या डोंगराआड सोडली याची नोंद नसेल, तर माकडांबरोबर गोचिडी कुठे गेल्या हेही कळणार नाही. ज्या जंगलात ती सोडली जातात त्याच्या कडेलाही कुणाची तरी वाडी असते, तिथेही केळी असतात. एका गावाची तक्रार दुसऱ्या गावाच्या नावावर चढवणं हा उपाय नव्हे.

शेतकरी विचारील, आणि त्याने विचारलंच पाहिजे, की माझा हंगाम चालला असताना मेंदूतल्या पेशींचं काय करू? त्याचा संताप न्याय्य आहे. माझं उत्तर असं, की आज जे चाललंय त्यातून त्याला दिलासा मिळत नाही. पुढच्या हंगामात माकडं पुन्हा येतात, फक्त वेगळी. पर्याय सोपे नाहीत. जागच्या जागी नसबंदी केली तर टोळीचे चेहरे आणि नाती टिकतात, संख्या हळूहळू उतरते. हिमाचल प्रदेशात २००६-०७ पासून हे काम चालू आहे आणि दीड लाखाहून जास्त माकडांची नसबंदी झाली. सरकारी मोजणीत संख्या घटलेली दिसते, तरी शेतकऱ्यांची तक्रार संपलेली नाही. माझ्या मते याचं एक कारण असं की उपद्रव नुसत्या संख्येवर अवलंबून नसतो. कुठल्या बागेत कधी काय पिकतं, हे ज्ञान टोळीत थोरांकडून लहानांकडे जातं; मंदिराजवळ खाऊ मिळतो, घाटातल्या वळणावर गाडीतून केळी फेकली जातात, गावाचा कचरा उघड्यावर पडतो, हेही त्यांना ठाऊक असतं. ही शिकवणी बंद केल्याशिवाय नसबंदी अपुरी राहील. म्हणून ज्यांच्या बागा जंगलाला लागून आहेत त्यांना भरपाई तत्परतेने आणि कागदपत्रांचा छळ न करता मिळाली पाहिजे; हा खर्च समाजाने उचलायचा आहे, एकट्या बागायतदाराने नव्हे.

दुसरा आक्षेप वेगळ्या टोकाकडून येतो. माकडांना नाती, आठवणी, सोबत असे शब्द लावणं म्हणजे त्यांना माणूस करणं नव्हे का? हा इशारा मला आवश्यक वाटतो, कारण याच भावनेने उलटा अन्यायही होतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि छतांवर नेली, त्यांतली बरीच मेली, आणि वानरांनी सूड घेतल्याची बातमी जगभर पोचली. शेवटी दोन वानरं पकडून नेली गेली. एका कुत्र्याने वानराचं पिल्लू मारलं म्हणून सगळ्या कुत्र्यांच्या जातीविरुद्ध योजना आखणं, याचा पुरावा कुठल्याही माकडात सापडलेला नाही. वर सांगितलेला प्रत्येक निष्कर्ष मोजलेला आहे: नजर किती वेळ थांबली, पेशी किती वेळा उत्तेजित झाली, संप्रेरक किती वाढलं. तेवढंच म्हणावं. चेहरा ओळखणं, नातं ओळखणं, सोबत्याच्या जाण्याने शरीर ढवळून निघणं, हे सिद्ध आहे. सुडाची कहाणी सिद्ध नाही. पहिलं मान्य करून दुसरं नाकारणं यात विसंगती नाही.

यातलं बरंचसं ज्ञान डोक्यात तारा बसवलेल्या, पिंजऱ्यात वाढलेल्या माकडांकडून मिळालं आहे, याचं ओझं मला जाणवतं. या प्रयोगशाळांतल्या ऱ्हिससांचे पूर्वज दशकानुदशकं भारतातून जहाजांनी आणि विमानांनी जात होते; ही निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली. इतक्या मोठ्या किमतीला मिळालेलं ज्ञान निदान जंगलातल्या आणि बागेतल्या माकडांविषयी निर्णय घेताना वापरलं तरी जावं.

म्हणून मागणी नेमकी आहे. माकड पकडण्याच्या प्रत्येक आदेशात टोळीची नोंद सक्तीची असावी: कुठली टोळी, तिच्यात माद्या किती, अंगावर पिल्लं किती, नर कोण, तिच्या हद्दीला कुठल्या टोळ्या लागून आहेत. अख्खी टोळी हलवता येत नसेल तर तुकड्याने हलवू नये. त्या जागी नसबंदी आणि राखण यांवर पैसा खर्च करावा. सोडल्यानंतर निदान दोन वर्षं कुणीतरी त्या टोळीमागे हिंडावं आणि त्याचा पगार त्याच आदेशात मंजूर व्हावा. बागेतला राखणदार आणि बीटावरचा वनरक्षक आजही टोळीतली माकडं तोंडाने ओळखतो. कान फाटलेली म्हातारी कुठली आणि नवा हुप्प्या कधी आला, हे त्यांना विचारल्यावर सांगता येतं. पावसाळा संपला की मोहोर धरण्याआधीचे दोन महिने त्यांना रोजंदारी देऊन ही नोंद तालुक्यागणिक करून घेता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.